शाळेची जागा व वाहनजन्य वायुप्रदूषण

शाळेचे रस्त्यापासूनचे अंतर, मुलांचा जाण्यायेण्याचा मार्ग आणि वाटेत व वर्गात त्यांच्या श्वासावाटे शरीरात जाणारे वाहनांचे उत्सर्जन यांचा एकत्रित अभ्यास. वजनाच्या मानाने मुले प्रौढांपेक्षा अधिक हवा आत घेतात आणि त्यांच्या फुप्फुसांची वाढ किशोरवयाच्या अखेरपर्यंत चालू असते, म्हणून शाळांचा विचार वेगळा केला जातो.

या अभ्यासाचा आरंभ साधारणपणे 1990 च्या दशकात धरावा. म्युनिकमधील शाळकरी मुलांचे सर्वेक्षण 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील 1997 च्या अभ्यासात महामार्गालगत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसक्षमतेतील घट मोटारींपेक्षा मालमोटारींच्या वर्दळीशी अधिक निगडित आढळली. डिझेलच्या काजळीकडे लक्ष वळण्यास हे एक कारण होय.

सुरक्षित अंतर किती, हा मुख्य वादाचा मुद्दा. कॅलिफोर्नियाच्या 2003 च्या कायद्याने वर्दळीच्या मार्गापासून 500 फुटांच्या (सुमारे 150 मी.) आत नवी सार्वजनिक शाळा बांधण्यास, काही अपवाद ठेवून, मनाई केली. वर्दळीचा मार्ग म्हणजे शहरी भागात दिवसाला 1,00,000 आणि ग्रामीण भागात 50,000 वाहनांचा. मात्र लॉस एंजेलिसच्या महामार्गांलगत दिवसा केलेल्या मोजणीत अतिसूक्ष्म कणांची (0.1 मायक्रोमीटरहून लहान) संख्या वाऱ्याच्या दिशेने सुमारे 300 मी. गेल्यावरच पार्श्वभूमीच्या (परिसरात एरवी असणाऱ्या) पातळीला आली. 2010 मध्ये तज्ज्ञांच्या एका आढाव्याने 300 ते 500 मी.चा पट्टा सर्वाधिक बाधित मानला. सूर्योदयापूर्वी, तापमान व्युत्क्रमणामुळे (थंड हवेवर उबदार हवेचा थर बसल्याने) हवेचे थर स्थिर असताना, हा प्रभाव 2 किमी.च्या पलीकडेही आढळला आहे. तेव्हा 150 मी. ही आरोग्याची सीमा नसून प्रशासकीय तडजोड आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय प्रत्येक घटक वेगळ्या गतीने विरतो : अतिसूक्ष्म कण व काजळी झपाट्याने, नायट्रोजन डायऑक्साइड सावकाश, तर पीएम 2.5 मध्ये (2.5 मायक्रोमीटर वा त्याहून लहान कणांमध्ये) दूरवरून आलेल्या कणांचा वाटा मोठा असल्याने रस्त्याजवळही त्याची वाढ माफकच दिसते. निव्वळ पीएम 2.5 मोजून शाळेची जागा निर्धोक ठरवणे म्हणूनच फसवे.

दक्षिण कॅलिफोर्नियातील दीर्घकालीन अभ्यासात (2007) महामार्गापासून 500 मी.च्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ 1,500 मी.पलीकडील मुलांपेक्षा कमी भरली. हे अंतर घराचे आहे, शाळेचे नव्हे, हे विसरता कामा नये. शाळेतच मोजणी करणारा अभ्यास बार्सिलोनाचा (2015) : 39 शाळांतील 7 ते 10 वर्षांच्या 2,715 मुलांपैकी अधिक प्रदूषित शाळांतील मुलांच्या कार्यकारी स्मृतीची (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या क्षमतेची) वाढ मंद आढळली.

प्रवासाचा वेळ थोडा असला, तरी तो गर्दीच्या वेळी व वाहनांच्या धूर सोडणाऱ्या नळ्यांच्या उंचीवर जातो. वाहनात बसलेल्याच्या भोवती प्रदूषकांची घनता बहुधा जास्त असते. चालणारा मिनिटाला अधिक हवा घेतो, पण गल्लीबोळांतून वाट बदलू शकतो. जुन्या डिझेल बसचा स्वतःचाच धूर बसमध्ये शिरतो.

उपायांपैकी शाळा भरताना व सुटताना समोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवण्याची पद्धत इटलीतील बोल्झानो येथे 1989 च्या सुमारास सुरू झाल्याचे सांगतात. वर्गातील गाळणयंत्रे कण अडवतात. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी सक्रिय कार्बनचा थर लागतो.