क्लासिकची यादी घेऊन ड्राफ्टला बसू नका

ऑगस्ट लागला की आमच्या गटात तोच संवाद सुरू होतो. एक जण विचारतो, "यंदा ड्राफ्टला कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं?" दुसरा लगेच एक यादी टाकतो: स्वस्तातले पाच डिफेंडर, टाळावेत असे महागडे फॉरवर्ड, पहिल्या सहा सामन्यांत कोणाचं वेळापत्रक सोपं. यादी मेहनतीने केलेली असते. पण ती फँटसी प्रीमियर लीगच्या (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे फुटबॉलपटू निवडून संघ करायचा आणि त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायचे, तो ऑनलाइन खेळ) क्लासिक प्रकारासाठी केलेली असते आणि आम्ही बसणार असतो ड्राफ्टला, म्हणजे त्याच खेळाच्या दुसऱ्या प्रकाराला, जिथे खेळाडू पाळीपाळीने उचलतात. त्या यादीच्या भरवशावर फुटबॉल उत्तम कळणारी माणसं पहिल्या चार फेऱ्यांतच हंगाम घालवून बसतात. दरवर्षी हे बघून जीव तुटतो, म्हणून एकदा नीट लिहितोय.

क्लासिक तुम्हाला पाठच आहे. खेळातल्या पैशांचं १०० मिलियनचं बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे फार तर ३, कॅप्टनचे दुप्पट पॉइंट. ड्राफ्टमध्ये १५ची फोड तीच राहते: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. पॉइंट द्यायची पद्धतही जवळपास तीच. कॅप्टन नाही, चिप्स (हंगामात मोजक्याच वेळा वापरता येणाऱ्या खास सवलती) नाहीत. पैसे नाहीत. आणि लीगमध्ये, म्हणजे आपल्या गटात, एक खेळाडू एकाच्याच संघात. पाळीपाळीने उचलायचं, पहिल्या फेरीत शेवटी असलेला दुसऱ्या फेरीत पहिला.

पैसे नाहीत हे सगळ्यांना कळतं. पण पैसे गेले की 'धरायचा' आणि 'टाळायचा' या दोन्ही शब्दांचा अर्थच बदलतो, ते लक्षात येत नाही. सगळी गल्लत इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

क्लासिकमध्ये आपण प्रत्येक नावापुढे एकच हिशोब करतो: एवढ्या मिलियनला हा किती पॉइंट देईल? ४.५ मिलियनचा डिफेंडर घ्या. तळाकडच्या क्लबचा, पण दर आठवड्याला ९० मिनिटं खेळणारा. क्लासिकमध्ये त्याला सोन्याचं मोल, कारण त्याच्यावर वाचवलेले पैसे आपण पुढच्या फळीत घालतो. ड्राफ्टमध्ये वाचवायला काही नाहीच. मग त्याचं मोल उरतं कशाचं? वर्षाकाठी तो देईल त्या पॉइंटचं, आणि तसे पॉइंट देणारे डिफेंडर बाहेर ढिगाने पडलेले असतात. आमची लीग आठ जणांची. आठ पंचे चाळीस डिफेंडर आम्ही उचलतो. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, प्रत्येकात साधारण चार जण मागे खेळतात, म्हणजे नेहमीचे डिफेंडर झाले ८० च्या आसपास. आमचा ड्राफ्ट संपतो तेव्हा निम्मे जागेवरच असतात. तो ४.५चा माणूस सप्टेंबरातही तिथेच असतो, फुकट.

आता फॉरवर्ड मोजा. आठ जणांना प्रत्येकी तीन, म्हणजे २४ हवेत. क्लब २०, आणि बहुतेक क्लब एकच सेंटर फॉरवर्ड खेळवतात. त्यात गोल करणारे कितीतरी जण खेळाच्या यादीत मिडफिल्डर म्हणून लागतात. लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह वर्षानुवर्षं मिडफिल्डर म्हणूनच लागला. म्हणजे हवे आहेत २४ आणि दर आठवड्याला सुरुवातीपासून खेळणारे निघतात त्याहून कमी. शेवटच्या फेरीत कोणाच्या तरी पदरात पंचाहत्तराव्या मिनिटाला मैदानात येणारा बदली खेळाडू पडणार, हे ड्राफ्ट सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. अकरा जणांत एकच फॉरवर्ड लावला तरी चालतं, हे खरं. पण त्या एकाचा स्नायू दुखावला की दुसरा आणणार कुठून?

म्हणून ड्राफ्टमधला हिशोब असा: याला आत्ता सोडला, तर माझी पाळी परत येईपर्यंत या जागेवर कोण उरेल?

एक पाळी जवळून बघू. आठ जणांत तुमचा नंबर तिसरा. पहिली निवड तिसरी, पुढची थेट चौदावी, म्हणजे मध्ये दहा नावं जाणार. समोर दोघे आहेत. मिडफिल्डर हंगामात २१५ पॉइंट देईल असा तुमचा अंदाज, फॉरवर्ड १९०. (हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत.) हात आपसूक २१५ कडे जातो. पण चौदाव्या पाळीला काय उरेल ते बघा. मिडफिल्डमध्ये १८५ देणारा कोणीतरी असेल, कारण तिथे गर्दी आहे. फॉरवर्डमध्ये १३०वर आलेले असाल. आधी मिडफिल्डर आणि मग फॉरवर्ड घेतलात तर २१५ अधिक १३०, झाले ३४५. उलट घेतलंत तर १९० अधिक १८५, झाले ३७५. कमी पॉइंटवाल्याला आधी उचलून ३० पॉइंट जास्त. क्लासिकची कुठलीही यादी हे सांगणार नाही, कारण क्लासिकमध्ये तुमच्या समोरून कोणी उचलला जातच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाला पहिली निवड मिळाली आणि त्याने मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडला सोडलं. का, तर "हालांड टेम्प्लेट आहे, सगळ्यांकडे असतो, मला डिफरन्शियल हवा." म्हणजे फार थोड्यांकडे असलेला खेळाडू. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. दुसऱ्या नंबरवाल्याने तीन सेकंदांत हालांड उचलला. क्लासिकमध्ये त्याचं म्हणणं निदान वाद घालण्यासारखं होतं. तिथे हालांड १४-१५ मिलियन खातो, बाकी संघाची ओढाताण होते, आणि बहुतेकांकडे असल्यामुळे त्याच्या गोलांनी तुम्ही कोणाच्या पुढे जात नाही. ड्राफ्टमध्ये हालांडची किंमत एक पाळी. तेवढीच, जेवढी बाकी कोणाचीही. आणि तो लीगमध्ये एकाकडेच असतो, म्हणजे इथे प्रत्येकच खेळाडू डिफरन्शियल. २०२२-२३ला, इंग्लंडमधल्या पहिल्याच हंगामात, या माणसाने प्रीमियर लीगचा विक्रम मोडत ३६ गोल केले. तो फॉरवर्ड म्हणून लागतो, म्हणजे जिथे दुष्काळ आहे नेमका तिथे. ड्राफ्टच्या चर्चेत 'टेम्प्लेट' आणि 'डिफरन्शियल' हे दोन शब्द कोणी काढले की मी पुढचं ऐकतच नाही.

मग ड्राफ्टमध्ये टाळायचं कोणाला? आहेत ना टाळण्यासारखे, पण त्यांची कारणं वेगळी.

पहिलं कारण दुखापत. क्लासिकमध्ये दुखापतीचा इतिहास ही चिंतेची गोष्ट आहे, ड्राफ्टमध्ये ती पाळी वाया जाण्याची गोष्ट आहे. ११ ऑगस्ट २०२३ला हंगामाचा पहिलाच सामना, बर्नली विरुद्ध मँचेस्टर सिटी. सिटीचा मिडफिल्डर केव्हिन डी ब्रॉयना याची मांडीची मागची शीर गेली आणि अर्धा तास व्हायच्या आत तो बाहेर. परतला जानेवारीत. क्लासिकवाल्यांनी पुढच्या आठवड्यात त्याला विकलं, तेवढ्याच पैशांत दुसरा मोठा मिडफिल्डर घेतला, विषय संपला. ड्राफ्टमध्ये ज्याने त्याला पहिल्या-दुसऱ्या फेरीत घेतलं होतं त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: पाच महिने बेंचवर सांभाळा, नाहीतर सोडा आणि जानेवारीत दुसऱ्याच्या संघात बघा. त्याच्या तोडीचा कोणी बाहेर उरलेलाच नव्हता. आफ्रिकन नेशन्स कपचंही असंच. २०२४च्या जानेवारीत सलाह इजिप्तकडून खेळायला गेला आणि तिथे जखमी झाला. क्लासिकमध्ये विकून परत घेता येतं. ड्राफ्टमध्ये तो तुमचाच, असला तरी आणि नसला तरी.

दुसरं कारण रोटेशन. मोठ्या क्लबचा विंगर, जो एका शनिवारी खेळतो आणि पुढच्या शनिवारी बसतो, त्याला तिसऱ्या-चौथ्या फेरीत उचलणं मला अजिबात पटत नाही. त्याच्याऐवजी मधल्या क्लबचा नेहमी खेळणारा आणि पेनल्टी घेणारा फॉरवर्ड मी डोळे झाकून घेईन. २०२२-२३ला ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीने २० गोल केले, २०२४-२५ला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वुडने २०. क्लबचं नाव बघून यांच्याकडे पाठ फिरवणारे मी पाहिलेत. जर्सी कोणाची आहे यावर पॉइंट मिळत नाहीत.

आणि एक गोष्ट टाळण्याचं कारण मुळीच नाही, ती म्हणजे सुरुवातीचं अवघड वेळापत्रक. क्लासिकमध्ये पहिले पाच-सहा सामने बघतात ते बरोबरच आहे, कारण नंतर वाइल्डकार्ड टाकून अख्खा संघ बदलता येतो. ड्राफ्टमध्ये पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेला माणूस तुम्ही ३८ आठवड्यांसाठी घेत असता, आणि ३८ आठवड्यांत प्रत्येक क्लब प्रत्येकाशी दोनदा खेळतो. "ऑगस्टमध्ये आर्सेनल आणि लिव्हरपूल आहेत" म्हणून चांगला फॉरवर्ड सोडू नका, ही माझी हात जोडून विनंती.

बाकीचे फरक किरकोळ. गोलकीपर तेराव्या फेरीच्या आधी घेऊ नका: २० क्लब, नेहमीचे २० गोलकीपर, आठ जणांना लागतात १६, आणि बहुतेकांच्या पॉइंटमध्ये फारसं अंतर नसतं. कॅप्टन नसल्यामुळे एका आठवड्यात १५ आणि मग महिनाभर दोन-दोन देणाऱ्यापेक्षा सातत्याने देणारा बरा. अदलाबदल करता येते, पण आमच्याकडे वर्षभरात फार तर एखादी होते.

वेव्हरबद्दल, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंसाठी टाकायच्या मागण्यांबद्दल, मात्र दोन शब्द. ड्राफ्टनंतर बाहेर उरलेले खेळाडू मागायचे असतील तर गेमवीकच्या (सामन्यांच्या एका फेरीच्या) डेडलाइनच्या २४ तास आधी मागण्या निकाली निघतात, आणि टेबलात तळाला असलेल्याचा हक्क पहिला. २०२३ला कोल पामर मँचेस्टर सिटी सोडून चेल्सीला गेला तो १ सप्टेंबरला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद व्हायच्या दिवशी. ऑगस्टमध्ये ड्राफ्ट केलेल्यांपैकी फार थोड्यांनी त्याच्याकडे पाहिलं असेल. ऑक्टोबरमध्ये बर्नलीला पेनल्टीवर त्याचा चेल्सीसाठीचा पहिला गोल झाला आणि तिथून हंगामभर २२ गोल. क्लासिकमध्ये तो नोव्हेंबरात घेतला काय, डिसेंबरात घेतला काय, सगळ्यांना मिळाला. ड्राफ्टमध्ये आठातल्या एकालाच मिळाला: ज्याने पेनल्टी कोण घेतोय हे बघून त्याच आठवड्यात मागणी टाकली त्याला. शनिवारी तिकडच्या साडेबाराच्या सामन्याने गेमवीक सुरू होत असेल, तर ऑक्टोबर अखेरपर्यंत आपल्याकडे डेडलाइन दुपारी साडेतीनची पडते, म्हणजे वेव्हर शुक्रवारी दुपारी साडेतीनला. ऐन ऑफिसच्या वेळेत. गुरुवारी रात्रीच मागण्या टाकून झोपा.

ड्राफ्टच्या आदल्या रात्री मी काय करतो ते सांगतो. कागदावर चार रकाने आखायचे, गोलकीपरपासून फॉरवर्डपर्यंत. प्रत्येकात नावं माझ्या अंदाजाच्या उतरत्या क्रमाने, किमती अजिबात न लिहिता. मग प्रत्येक रकान्यात, जिथे एका नावाच्या आणि खालच्या नावाच्या मध्ये मोठी खाच पडते, तिथे लाल रेघ मारायची. डिफेंडरच्या रकान्यात वरची दोन-तीन नावं सोडली तर रेघ मारायला जागाच सापडत नाही, एकाखाली एक सारखेच. फॉरवर्डच्या रकान्यात ती सहाव्या-सातव्या नावाखालीच येते. ड्राफ्ट सुरू झाला की नावं खोडत जायचं आणि आपली पाळी आली की बघायचं, कुठल्या रेघेच्या वर एकच नाव उरलंय. ते उचलायचं, तेव्हा समोरच्या स्क्रीनवर त्याच्याहून मोठं नाव झळकत असलं तरी.