एमसीबीला न दिसणारी आग

समुद्राजवळच्या जुन्या घरात राहणारे अनेकजण म्हणतात, "एमसीबी बसवलाय, आता आगीची भीती नाही." एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच, हवाच. पण तो पाहतो तारेतला प्रवाह. सांधा, म्हणजे स्क्रूखाली तार जोडलेली जागा, किती तापलाय हे त्याला कळत नाही, आणि खाऱ्या हवेत आधी बिघडतो तो सांधाच.

वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण स्विचबोर्डात शिरून बसतात. शुद्ध सोडियम क्लोराईड हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्री मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराईडला मात्र सुमारे 33 टक्केही पुरतात! त्यामुळे भिंत कोरडी ठणठणीत दिसली, तरी आतल्या स्क्रूवर खारट पाण्याचा पातळ थर असू शकतो. तांब्यावर हिरवट पुटं चढतात ती यातूनच.

आता थोडं गणित. गंजून सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअर वाहू लागले, तर उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: 10 × 10 × 0.5 = 50 वॅट. लहानसं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. इथे त्याच्या दुप्पट उष्णता एका स्क्रूखाली कोंडलेली. प्रवाह मात्र 10 अँपिअरच, मग 16 अँपिअरचा एमसीबी पडेल कशाला?

खरी गंमत पुढेच आहे. तापलेल्या तांब्यावर क्युप्रस ऑक्साईड तयार होतं. ते अर्धवाहक आहे. धातूचा रोध तापल्यावर वाढतो, याचा घटतो. म्हणून थरातली जी वाट सर्वांत गरम, तिथूनच जास्त प्रवाह धावतो, ती आणखी तापते, आणि शेवटी ऑक्साईडमध्ये लालभडक रेघ पेटते.

जुन्या घरात दिवे आपोआप फडफडले की कुणी बाधा म्हणतं, उतारा टाकतं. पण कारण असा बिघडलेला सांधाही असू शकतो. अशा वेळी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

आरसीसीबीही बसवा. फेज आणि न्यूट्रलच्या प्रवाहात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो, ओल्या भिंतीतली गळती पकडतो. दमट दिवसांत सारखा पडतो म्हणून तो काढून टाकू नका, गळती शोधा. तापलेला सांधा मात्र त्यालाही दिसत नाही. त्यासाठी बोर्ड उघडून प्रत्येक स्क्रू तपासावा लागतो, आणि काळवंडलेलं टोक नुसतं आवळून भागत नाही, ते कापून नव्याने जोडावं लागतं.