मानेतली जादा बरगडी, ही भानगड आजची नाही

कोथरूड असो नाहीतर हिंजवडी, मान दुखतीये म्हणून एक्सरे काढला आणि रिपोर्टमध्ये सर्व्हायकल रिब असं आलं की घरातले हादरतातच, मानेत बरगडी कशी काय बुवा? पण ही बरगडी डॉक्टरांना फार आधीपासून माहितीये, दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याला ठाऊक होती म्हणतात, फक्त तेव्हा ती गंमत म्हणूनच बघितली जायची.

आपल्याकडे सुश्रुताने मानेत 9 हाडं सांगितलीत. आज आपण 7 मणके मोजतो, आणि जिराफाच्या लांबलचक मानेतही 7च असतात. आता गर्भात मानेच्या प्रत्येक मणक्याला बरगडीचा एक छोटा अंकुर असतो, तो पुढे मणक्यातच मिसळून जातो, पण सातव्या मणक्याचा कधीकधी मिसळत नाही आणि वाढत राहतो. साधारण शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी लोकांना हे असतं, बायकांमध्ये जरा जास्त.

त्याचा हाताशी संबंध आहे हे कळायला मात्र एकोणिसावं शतक उजाडलं. 1821 मध्ये लंडनच्या सर्जन अ‍ॅस्टली कूपरने हाताच्या रक्तपुरवठ्याच्या तक्रारी या हाडाशी जोडल्या. 1861 मध्ये तिथल्याच सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये होम्स कूटने एका बाईच्या मानेतलं असं हाड काढलं, आणि तेही एक्सरे नसताना, निव्वळ बोटांनी चाचपून! मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. 1895 ला राँटजेनचे किरण, म्हणजेच एक्सरे आले आणि मग ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यातही या बरगड्या दिसायला लागल्या, आजची घाबरगुंडी खरं तर तिथूनच सुरू झाली.

पुढे 1910 ला मेलबर्नच्या सर्जन मर्फीने जादा बरगडी नसलेल्या पेशंटची नेहमीची पहिली बरगडी काढली, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्यांची जागा मुळातच अरुंद असू शकते हे लक्षात आलं. 1927 मध्ये सर्जन अ‍ॅडसन आणि कॉफी म्हणाले बरगडी राहू दे, बाजूचा स्नायू कापा. 1956 ला डॉक्टर पीटने या सगळ्याला, म्हणजे या अरुंद जागेत नसा आणि रक्तवाहिन्या दबून होणाऱ्या त्रासाला, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे नाव दिलं.

यात एक गोची आहे, कधीकधी हाडाऐवजी नुसता चिवट पट्टा असतो, तो एक्सरेत दिसत नाही पण नस मात्र दाबतो. आणि रिपोर्टमध्ये ठळक दिसणारी बरगडी बऱ्याचदा आयुष्यभर गप्प बसून असते, मानदुखीचं कारण भलतंच निघतं. हाताला मुंग्या, हात वर केला की गळून जाणं, बोटं गार पांढरी पडणं असलं काही असेल तरच डॉक्टर तिच्यामागे लागतात.