डायव्हर्टिक्युलायटिसचे पुनरावर्तन

मोठ्या आतड्याच्या स्नायुस्तरात रक्तवाहिन्या जेथून आत शिरतात, त्या दुबळ्या जागांतून आतले अस्तर बाहेर ढकलले जाऊन लहान पिशव्या तयार होतात. त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. एखाद्या पिशवीला सूज आली की त्या विकाराला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. दाह ओसरला तरी पिशव्या तशाच राहतात, त्यामुळे पूर्ण बरे वाटल्यानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी तो पुन्हा उद्भवू शकतो. पहिला दाह न शमताच आठवडेन्‌आठवडे धुमसत राहिला, तर त्याला पुनरावर्तन म्हणत नाहीत.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीतील रुग्णांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या झटक्यानंतर पुनरावर्तनाचे प्रमाण एका वर्षात सुमारे ८ टक्के, तर दहा वर्षांत सुमारे २२ टक्के आढळले. मात्र दुसरा झटका येऊन गेलेल्यांत दहा वर्षांचे प्रमाण ५५ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे बहुतेक रुग्णांना दुसरा झटका येत नाही, पण ज्यांना येतो त्यांना तिसऱ्याची शक्यता बरीच वाढते.

प्रत्येक नवा झटका आधीच्यापेक्षा घातक असतो, या समजुतीने पूर्वी दोन झटक्यांनंतर आतड्याचा बाधित भाग काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. पुढील निरीक्षणांनी ही समजूत मोडीत काढली. आतडे फुटून पोटात पू पसरण्याचा धोका पहिल्या झटक्यातच सर्वाधिक असतो आणि नंतरच्या झटक्यांत तो कमी होतो. बहुधा आधीच्या दाहामुळे भोवतालच्या ऊती चिकटून त्या जागेला वेढून टाकतात. म्हणूनच आता शस्त्रक्रियेचा निर्णय झटके मोजून घेत नाहीत. गळू, भगेंद्र (आतडे व शेजारचा अवयव यांना जोडणारा असामान्य मार्ग) किंवा आतड्याचा अरुंदपणा झाला आहे का, रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण आहे का, आणि त्रासामुळे त्याचे दैनंदिन जीवन किती विस्कळीत होते, हे पाहिले जाते. शस्त्रक्रियेनेही पुनरावर्तन पूर्णपणे टळत नाही. आतड्याचा जोड गुदाशयाशी न करता सिग्मॉइडचा (मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या वळणदार भागाचा) खालचा भाग मागे ठेवला, तर धोका अधिक राहतो.

धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, लाल मांसाचे अतिसेवन आणि वेदनाशामक दाहरोधक गोळ्यांचा नियमित वापर यांचा या विकाराशी संबंध आढळला आहे. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. बिया व कवचफळे पिशवीत अडकतात म्हणून ती वर्ज्य करण्याचा सल्ला मात्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात टिकला नाही, तरी तो अजून ऐकू येतो. मेसालामाइन या औषधाने पुनरावर्तन रोखता येईल, ही आशाही चाचण्यांत फोल ठरली. गुंतागुंत नसलेल्या पहिल्या झटक्यात प्रतिजैविके दिली काय वा न दिली काय, पुनरावर्तनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही, असे स्वीडन व नेदरलँड्समधील चाचण्यांत दिसले.

झटक्यानंतर सुमारे ६ ते ८ आठवड्यांनी, अलीकडे तपासणी झालेली नसल्यास, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करतात; कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही क्वचित याच रूपात प्रकट होतो. झटक्यानंतर टिकून राहिलेली प्रत्येक पोटदुखी पुनरावर्तनाची नसते. आतड्याच्या मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलताही तिला कारण असते, आणि सीटी स्कॅनमध्ये दाह न दिसल्यास तिचा उपचार वेगळा असतो.