जादा काम आणि अपेक्षेपलीकडचं काम: मुलाखतीत कोणतं सांगाल?

"अपेक्षेपेक्षा जास्त काही केल्याचा प्रसंग सांगा," असं मुलाखतीत विचारलं की बहुतेक उमेदवार तासांचा हिशेब मांडतात. रात्री दहापर्यंत थांबलो, सुट्टीच्या दिवशीही आलो, दोघांचं काम एकट्याने ओढलं. यामागचे कष्ट खरे असतात, पण प्रश्न कष्टांचा नव्हता.

जादा कामात वेळ वाढतो, अपेक्षेपलीकडच्या कामात निकाल बदलतो. समजा, ग्राहकांच्या तक्रारींना चोवीस तासांत उत्तर देणं हे तुमचं काम आहे. दिवसाला ४० ऐवजी ६० तक्रारी निकाली काढल्यात, तर ते जादा काम. पण त्या वाचताना बिलातली एकच ओळ अनेकांना कळत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही ती सोप्या शब्दांत लिहून साहेबांना दाखवलीत, बिलात तसा बदल झाला आणि त्या तक्रारी निम्म्यावर आल्या. हे कुणी मागितलं नव्हतं.

जपानचे गुणवत्तातज्ज्ञ नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये उत्पादनांबद्दल असाच भेद मांडला. काही गुण ग्राहक गृहीतच धरतो. ते असले म्हणून तो खूश होत नाही, नसले तर मात्र चिडतो. काही गुण त्याच्या ध्यानीमनी नसतात, म्हणूनच मिळाले की सुखावतो. नोकरीत वेळेवर, बिनचूक काम करणं हे पहिल्या प्रकारातलं. ते "अपेक्षेपलीकडचं" म्हणून सांगितलं, तर उत्तर फिकं पडतं.

म्हणून सुरुवात मूळ अपेक्षेपासूनच करा. नेमकं हेच वाक्य उमेदवार गाळतात, आणि मला ती सर्वांत मोठी चूक वाटते. रेघ कुठे होती हे कळलंच नाही, तर तुम्ही ती ओलांडलीत हे समोरच्याने कशावरून मानायचं? मग काय दिसलं, त्यातलं तुम्ही स्वतः काय केलंत आणि त्याने काय बदललं, एवढं पुरे. आकडा असेल तर द्या. नसेल तर रचू नका, पुढच्याच उपप्रश्नात तो उघडा पडतो.

उशिरापर्यंत थांबल्याचाच प्रसंग जवळ असेल, तरी तो टाकून देऊ नका. फक्त तासांवर थांबू नका: "अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. मी गुरुवारी रात्री थांबून दोन विभागांचे आकडे ताडून पाहिले, त्यात फरक निघाला आणि चुकीचा अहवाल बाहेर जाण्याआधी दुरुस्त झाला."