वेल्डवर पाणी ओतू नका, विमानाच्या तर मुळीच नको

आर्गन वेल्डिंगचे ते व्हिडिओ तुमच्याकडेही येत असतील. एकसारख्या खवल्यांची चमकदार शिवण, त्यावर निळी-सोनेरी झाक आणि खाली कमेंट, "काय स्ट्राँग जोड आहे भाऊ!" आता ती झाक म्हणजे गरम स्टीलवर धरलेला ऑक्साइडचा पातळ थर, साबणाच्या फुग्यावर जे रंग दिसतात तेच इथे दिसतात, ताकदीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. आणि विमानाच्या सांगाड्यातला जोड तुटतो तेव्हा बहुतेक वेळा त्या सुंदर शिवणीत तुटतच नाही, तिच्या शेजारच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये तुटतो, जिथे काहीच वितळलेलं नसतं!

घरी विमान म्हटलं की आपल्याला कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत मात्र हा रीतसर छंद आहे, हौशी लोकांची ईएए ही संघटना 1953 पासून चालू आहे आणि ती टिग वेल्डिंगच्या कार्यशाळाही घेते. पिट्स स्पेशल, बेअरहॉक अशा विमानांचा सांगाडा 4130 नावाच्या क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या, स्टीलच्या नळ्यांचा असतो. नळीची जाडी किती? बऱ्याच ठिकाणी फक्त 0.9 मिलिमीटर.

टिग म्हणजे तेच आपलं आर्गन वेल्डिंग. टंगस्टनची टोकदार काडी, जी 3,422 अंश सेल्सिअसला वितळते म्हणून आर्कमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या झोतात, टिकते, भोवती हवा अडवणारा आर्गन, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात जोडात वितळून भर घालणारा फिलर रॉड आणि पायाखाली करंटचं पेडल. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथने मॅग्नेशियम जोडायला हे शोधलं, तेव्हा आर्गनऐवजी हेलियम होता. 0.9 मिलिमीटरच्या नळीला तीस-पस्तीस अँपिअर पुरतात. हात बसायला वेळ लागतो, सुरुवातीला टंगस्टन वितळलेल्या धातूच्या डबक्यात बुडतो, मग उठा, ग्राइंडरवर टोक करा, परत बसा. ते सवयीने जमतं.

खरी गंमत आर्क विझल्यावर सुरू होते.

शिवणीशेजारचं स्टील वितळत नाही, पण साधारण 800 अंशांच्या वर गेलं की त्यातल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या मांडणीत कार्बनला भरपूर जागा असते. थंड होताना जुनी मांडणी परत यायला लागते, तिच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नाही, शंभरात 0.02 भाग फार तर. 4130 मध्ये कार्बन आहे साधारण 0.3 टक्के. म्हणजे बाकीच्याने बाहेर पडायला हवं आणि त्यासाठी त्याला वेळ हवा. सावकाश थंड केलं तर तो बाहेर पडून वेगळे थर करतो, स्टील चिवट राहतं. झटक्यात थंड केलं तर कार्बन आतच अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि तयार होतो मार्टेन्साइट, प्रचंड कडक आणि तेवढाच ठिसूळ. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा हेच करतो, त्याला धार हवी असते. आपल्याला हवा असतो लँडिंगचा दणका सोसणारा जोड. शिवाय 4130 मधले क्रोमियम आणि मॉलिब्डेनम कार्बनची ही हालचाल आणखी मंदावतात, त्यामुळे साध्या स्टीलला चालणारी घाई इथे चालत नाही. गेटच्या ग्रिलवर बादलीभर पाणी ओतणारा पोरगा सुटतो, कारण त्या स्टीलमध्ये कार्बन कमी असतो.

मग बारीक नळी लवकर थंड होऊन जास्त ठिसूळ होणार, असं वाटेल. होतं उलटं! जाड पत्र्यात उष्णता खाली, आजूबाजूला, सगळीकडे पळते. पातळ नळीत तिला फक्त नळीच्या भिंतीतूनच जावं लागतं. पातळ पत्र्याच्या गणितात दर सेंटिमीटरला दिलेली उष्णता तेवढीच ठेवून जाडी अर्धी केली तर थंड होण्याचा वेग चौथाईवर येतो. (प्रत्यक्षात पातळ नळीला आपण उष्णताही कमी देतो, म्हणून एवढा फायदा मिळत नाही, पण दिशा तीच.) म्हणूनच साधारण 3 मिलिमीटरच्या आतल्या नळ्यांना सहसा आधी तापवावं लागत नाही, जाड प्लेटला लागतं. मात्र पाच-सहा नळ्या एकाच सांध्यात येतात तिथे धातूचा गठ्ठा होतो, उष्णतेला वाटा वाढतात. तिथे सावध. पंखा बंद, ओलं फडकं लांब.

जोड ठिसूळ होऊ नये म्हणूनच फिलर रॉड मुद्दाम नळीपेक्षा कमी ताकदीचा, ईआर70एस-2 वगैरे घेतात. वितळताना त्यात नळीतला थोडा कार्बन आणि क्रोमियम मिसळतो आणि जोड मजबूत होऊनही लवचिक राहतो.

जाता जाता, वेल्डरने गूळ खाल्ला की छातीतला धूर निघून जातो हे वर्कशॉपमध्ये अजून ऐकू येतं. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. खिडकी उघडा, मास्क लावा. आणि नळी पुसायला ॲसिटोन घ्या, पुसून पूर्ण वाळू द्या आणि डबा लांब ठेवून मगच आर्क पाडा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर नकोच, आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन होऊ शकतो, तोच, पहिल्या महायुद्धातला विषारी वायू.

शिकताना फोटो काढण्यापेक्षा दोन तुकडे टी आकारात जोडा, आपोआप गार होऊ द्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने आडवे पाडा. नळी वाकली, चेपली तर ठीक. शिवणीच्या कडेने टचकन तुटली तर तुकडा कापून कड बघा, करंट आणि वेग बदला, पुन्हा जोडा.