बाळंतपण विम्याबाहेर का राहिले? गोव्यापुरती पार्श्वभूमी

आरोग्य विम्याच्या साध्या पॉलिसीचे कागद शेवटपर्यंत वाचणारे फार नसतात. जे वाचतात त्यांना ‘वगळलेल्या बाबीं’च्या यादीत अठराव्या सांकेतिक क्रमांकावर प्रसूती सापडते. बाळंतपण सरळ होवो, अडो वा सिझेरियन होवो, खर्च मिळणार नाही. गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भापुरता अपवाद आहे. गर्भपातही बाहेरच, तो अपघातामुळे झाला असेल तरच विचार होतो. त्याच्या आदल्या, सतराव्या क्रमांकावर वंध्यत्वावरचे उपचार आहेत. हे क्रमांक आणि ही शब्दरचना विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीला विकणे बंधनकारक झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही प्रसूती नाही.

वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या नव्या जोडप्याला हा कंपन्यांचा कंजूषपणा वाटतो. तो आहेच. पण या एका ओळीमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि गोव्यात त्याला थोडे वेगळे वळण मिळाले.

विमा नव्हता तेव्हा हा खर्च माहेरचा असे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत गोव्यात आजही बऱ्याच घरांत पाळली जाते. वैजिणीला (सुईणीला) द्यायचे लुगडे-खण-पैसे, बाळंतिणीचे खाणे, बारशापर्यंतचा सगळा भार मुलीच्या आईबापांवर. सासरने नंतर काय द्यायचे ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. पुढच्या खेपांना रीत सैल होई, पण पहिल्या खेपेचा हिशेब पक्का होता. याचा आजच्या विम्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. पॉलिसी असते नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीच्या गावची, पुण्याची नाहीतर बंगळुरूची, आणि बाळंतपण होते डिचोलीला किंवा काणकोणला आईजवळ. मग तिथले इस्पितळ कंपनीच्या कॅशलेस यादीत, म्हणजे कंपनी परस्पर बिल भरते अशा इस्पितळांत, आहे की नाही, हा प्रश्न सातव्या महिन्यात उभा राहतो.

पोर्तुगीज अमदानीत इस्पितळे होती. पणजीतले वैद्यकीय विद्यालय १८४२ चे, आशियातल्या जुन्या पाश्चात्त्य वैद्यक शाळांपैकी एक. मडगावचे हॉस्पिसियो आणि म्हापशाचे आझिलो धर्मादायातून उभे राहिले. पण सत्तरी-सांग्यातल्या बाईला पणजी लांब होती. तिची भिस्त वैजिणीवरच.

त्याच काळात मुंबई इलाख्यात वेगळाच वाद रंगला होता. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या दिवसांचा पगार कोणी द्यायचा? कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्यासाठी विधेयक आणले, ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमातून मालक नफा काढतो, म्हणून त्यालाही मोकळे सोडू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. गिरणीतल्या गोमंतकीय बाईला तो लागू होता. मुंबईत आया म्हणून किंवा घरकामाला राहिलेल्या गोमंतकीय बायकांना नव्हता, आणि मागे गोव्यात राहिलेल्यांना तर मुळीच नाही.

पुढचा देशव्यापी कायदा गोव्याच्या बाबतीत अगदी थोडक्यात चुकला. प्रसूती लाभ अधिनियम १२ डिसेंबर १९६१ रोजी झाला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला, म्हणजे बरोबर एक आठवड्याने. मुक्तीनंतर केंद्राचे कायदे टप्प्याटप्प्याने इकडे लागू होत गेले, त्यात हाही आला.

या कायद्यातली एक तरतूद इथे जरा थांबून पाहण्यासारखी आहे. त्याने रजा आणि पगार दिला, पण दवाखान्याचा खर्च जवळजवळ दिलाच नाही. मालकाने गरोदरपणातली आणि बाळंतपणातली काळजी फुकट पुरवली नाही तर ‘वैद्यकीय बोनस’ द्यायचा, तो १९६१ मध्ये २५ रुपये. १९८९ मध्ये २५० झाला, २००८ मध्ये १,०००, आणि २०११ मध्ये ३,५००. या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा ३,५०० चाच आहे. रजा मात्र २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, पहिल्या दोन मुलांपुरती. म्हणजे कायद्याने बाळंतपणाकडे बुडालेली मजुरी म्हणून पाहिले, बिल म्हणून नाही. बिलाची जागा मोकळीच राहिली. आणखी एक गोष्ट : या कायद्याला बाई लागते, तिचा नवरा लागत नाही. विवाहाचा दाखला कोणी मागत नाही.

बिल आणि मजुरी दोन्ही एकत्र धरणारी एकच व्यवस्था देशात झाली, ती राज्य कामगार विमा (ईएसआय). कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत. गोव्यात मडगावचे ईएसआय इस्पितळ या व्यवस्थेचे केंद्र. कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. स्वतः विमेदार असलेल्या बाईला आधीच्या दोन वर्गणी-कालखंडांत मिळून ७० दिवसांची वर्गणी असली की २६ आठवड्यांची रोख भरपाई मिळते. विमेदार पुरुषाच्या बायकोला उपचार मिळतात, रोख नाही. अडचण मर्यादेची. पगार महिना २१,००० रुपयांच्या वर गेला की माणूस या छत्रीबाहेर. ही मर्यादा २०१७ पासून तशीच आहे. हॉटेलातला नवा स्वयंपाकी आत, त्याचा जरा जुना झालेला सहकारी बाहेर.

या बाहेर पडलेल्यांसाठी मेडिक्लेम, म्हणजे हप्ता भरून इस्पितळाचा खर्च मिळवून देणारा विमा, आला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, आणि या चौघींनी १९८६ मध्ये मेडिक्लेम बाजारात आणला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने हप्त्यावर प्राप्तिकराची सवलतही दिली. पहिल्या मसुद्यातच गर्भारपण, बाळंतपण आणि सिझेरियन वगळलेले होते. कारण विमाशास्त्राचे होते : विमा अनिश्चिततेवर चालतो, आणि बाळंतपण बहुतेक वेळा ठरवून होते. ज्यांना मूल हवे तेच पॉलिसी घेतील, बिल वसूल करतील आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार नाहीत.

हा तर्क अर्धाच खरा आहे. सरळ बाळंतपणाचा खर्च आधी कळतो, हे मान्य. पण अतिरक्तस्राव, गरोदरपणातला अचानक चढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागणे, या गोष्टी कोणी ठरवून करत नाही. विम्याने ज्यासाठी असायचे ते नेमके हेच. १९८६ च्या मसुद्याने दोन्ही एका वाक्यात बांधले आणि ते वाक्य थोड्याफार फरकाने आजपर्यंत चालत आले.

पळवाट निघाली ती समूह विम्यात. कंपनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा विमा एकत्र उतरवते तेव्हा मूल व्हावे म्हणून नोकरी धरणारे नगण्य असतात. म्हणून सरकारी कंपन्यांनी जादा हप्ता घेऊन समूह पॉलिसीला प्रसूतीची जोड दिली : नऊ महिन्यांची प्रतीक्षा (तोवर खर्च मिळत नाही), पहिली दोन मुले, आणि ठरावीक रकमेची मर्यादा, पुष्कळ ठिकाणी ५०,००० रुपये. आज गोव्यात औषधनिर्मिती कारखान्यांत, बँकांत, मोठ्या हॉटेलांत नोकरी करणाऱ्या जोडप्यांना जे मिळते ते याच साच्यातले. बऱ्याच मालकांनी नऊ महिन्यांची अट काढून टाकली. मर्यादा मात्र बिलांच्या वेगाने वाढली नाही.

खासगी कंपन्यांना २००० पासून परवानगी मिळाल्यावर वैयक्तिक पॉलिसीतही प्रसूती हळूहळू दिसू लागली. पण तर्क तोच, फक्त नकाराऐवजी प्रतीक्षा. कुठे नऊ महिने, पुष्कळ ठिकाणी दोन-तीन वर्षे, कुठे चार. अनेक योजनांत नवरा-बायको दोघेही त्याच पॉलिसीत सलग असावे लागतात. बायकोने एकटीने घेतलेली पॉलिसी चालत नाही. दिवस गेल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नसतो, हे पुष्कळांना एजंटाच्या टेबलावर कळते. इथे एक विसंगती सांगावीशी वाटते. २०२१ च्या सरोगसी कायद्याने दुसऱ्यासाठी पोटात मूल वाढवणाऱ्या बाईचा ३६ महिन्यांचा विमा जोडप्याला सक्तीचा केला, त्यात बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही धरल्या. स्वतःसाठी आई होणाऱ्या बाईबद्दल असे बंधन कुठल्याच कायद्यात नाही.

हे सगळे असूनही गोव्यात फारशी ओरड का झाली नाही? कारण इथे खरा विमा सरकारी इस्पितळ होते. मुक्तीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे तालुक्यातालुक्यात पसरले, पणजीचे विद्यालय गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) झाले आणि पुढे बांबोळीला गेले. गोमेकॉ, मडगाव आणि म्हापशाची जिल्हा इस्पितळे, फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ, एवढ्यात बाळंतपण नाममात्र खर्चात होत असे. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी देशात चारातले एकच मूल इस्पितळात जन्मत होते. गोव्यात तेव्हाही बहुतेक सगळी. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी इस्पितळातले सिझेरियन, औषधे आणि रक्तसुद्धा देशभर मोफत केले. फुकट दार उघडे असताना हप्ता कोण भरणार?

राज्याने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली. पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबाला कार्ड, तीन जणांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. सरकारी कर्मचारी यात नाहीत, त्यांना वैद्यकीय खर्चाची वेगळी परतफेड आहे. पाठोपाठ २०१८ च्या सुरुवातीपासून गोमेकॉत परराज्यांतल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, आणि सिंधुदुर्गात त्यावर मोठा गदारोळ झाला. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणाला, विशेषतः अडलेल्या बाळंतपणाला, इकडे येत आल्या आहेत. सीमेपलीकडून सोयरीक होऊन आलेल्या सुनेच्या घरी ‘कार्ड कोणाचे, कुठले’ हा प्रश्न तेव्हापासून नेहमीचा झाला.

पण फुकट दाराजवळची गर्दी आता खासगी दारांकडेही वळली आहे, आणि तिथली बिले सिझेरियनची असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात ३१.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली होती, २०१९-२० मध्ये ३९.५ टक्के, देशाचा आकडा तेव्हा २१.५. यात गरजेची किती आणि सोयीची किती यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. विम्याच्या दृष्टीने मात्र परिणाम सरळ आहे. जो खर्च ‘आधीच ठाऊक’ म्हणून वगळला होता तो आता शस्त्रक्रियेचा खर्च आहे, आणि समूह पॉलिसीची जुनी मर्यादा पुष्कळदा खोलीभाड्यात आणि भूलतज्ज्ञाच्या फीतच संपते.

राहिला विवाहाचा प्रश्न, आणि इथे गोवा उर्वरित देशाहून खरोखर वेगळा आहे. समूह पॉलिसी ‘कुटुंब’ म्हणजे कर्मचारी, कायदेशीर पती किंवा पत्नी आणि मुले अशी व्याख्या करते. गोव्यात कायदेशीर विवाह पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी नोंदणीने होतो. पहिली सही इरादा जाहीर करण्याची, मग आक्षेपांची मुदत, मग साक्षीदारांसमोर दुसरी सही. दुसऱ्या सहीने कायद्याच्या दृष्टीने लग्न लागले; अक्षता नंतर पडतात, कधी सहा-आठ महिन्यांनी. (प्राप्तिकर कायद्याने तर अशा जोडप्याची पगार सोडून इतर मिळकत दोघांत निम्मी-निम्मी धरण्याची सोय केली आहे. विमा कंपन्या इतक्या खोलात जात नाहीत.)

पण तारखेच्या बाबतीत त्या काटेकोर असतात. वर्षाच्या मध्ये जोडीदाराचे नाव घालायचे तर लग्नापासून ठरावीक दिवसांत, बहुधा महिनाभरात, कळवावे लागते; नाहीतर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबायचे. मे महिन्यात दुसरी सही केली, डिसेंबरात लग्न लागले आणि दाखला जानेवारीत कार्यालयात दिला, तर दाखल्यावर तारीख मेचीच असते. लग्न डिसेंबरचे, हे सांगून उपयोग नाही. उलट वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्यांना हीच तारीख फायद्याची पडते : दुसऱ्या सहीनंतर लगेच दोघांची पॉलिसी सुरू केली तर मांडवाच्या दिवशी प्रतीक्षेतले सहा-आठ महिने संपलेले असतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे. समूह पॉलिसीवर तो कायम आहे, पण तो मालक भरतो.